एक लाख फोटो आणि एक आत्या

आमच्या घरात आजच्या तारखेला १ लाख १२ हजार फोटो आहेत. त्यातले भिंतीवर चार.

हा आकडा मी मोजला तेव्हा माझाच विश्वास बसेना. यात कोणी फोटोग्राफर नाही, कुणाचा स्टुडिओ नाही. साधं सिन्नरमधलं चार माणसांचं घर. २००३ साली पहिला डिजिटल कॅमेरा आला, ३.२ मेगापिक्सेलचा. त्याआधी छत्तीस फोटोंचा रोल असायचा आणि तो गणपतीत सुरू होऊन दिवाळीत संपायचा. "आता बास, चारच राहिलेत" असं म्हणत फोटो काढायचे दिवस होते ते. मग मोबाईल आला, मग चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाईल आला, आणि आता पुरणपोळी तव्यावर फुगली तरी तिचे सहा फोटो निघतात. सहाही राहतात, कारण पुसायला कुणाला वेळ आहे?

हे फोटो कसे सांभाळायचे यावर गेलं वर्षभर मी डोकं चालवते आहे. घरच्यांनी थट्टा करून झाली, आता तेही कंटाळले. म्हटलं, जे केलं ते एकदा लिहून काढावं. नातेवाईक मंडळींपैकी निम्म्यांच्या फोनची जागा दर महिन्याला संपते, त्यांना तरी उपयोग होईल.

सुरुवात जुन्या फोटोंपासून करते, कारण काही गोष्टी तिथेच शिकता येतात.

मराठी घरांत जुन्या फोटोंची चौकशी केलीत की ठरलेली तीन उत्तरं मिळतात. पहिलं, "माळ्यावर असतील." दुसरं, "वाटणीत थोरल्यांकडे गेले." आणि पुण्याचं कुणी असेल तर तिसरं, "पानशेतात गेले." १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. माणसं गेली, वाडे पडले, त्यापुढे फोटो म्हणजे काय? पण ज्यांची घरं पुन्हा उभी राहिली, त्यांच्या घरात आजही ६१ सालच्या आधीचं एकही चित्र नसतं. आमच्या माहेरच्या एका घरात आजोबांचा चेहराच नाही. धोतर, काळी टोपी, भरघोस मिशी अशी वर्णनं आहेत, चेहरा नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, तेव्हाही तळमजल्यावरच्या कित्येक घरांतले अल्बम असेच लगदा होऊन गेले.

आणि आपल्याकडे? सिन्नर म्हणजे दुष्काळी तालुका, इथे कसला पूर, असं सगळे म्हणायचे. सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीला एका रात्रीत असा पाऊस झाला की सरस्वती नदी गावात घुसली. एरवी जिच्यात पाणी शोधावं लागतं ती नदी! आमचं घर चढावर, म्हणून आम्ही वाचलो. खालच्या अंगाला दुकानांमधून आणि घरांमधून दुसऱ्या दिवशी चिखलाच्या पाट्या काढत होते. एका ओळखीच्या घरी गच्चीवर दोरी बांधून लग्नाचे फोटो चिमट्यांनी वाळत घातलेले पाहिले. रंग उतरून चेहऱ्यांच्या जागी गुलाबी ढग झाले होते. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की आपल्या त्या लाख फोटोंची एकच पेटी आहे आणि ती टेबलाखाली, जमिनीपासून चार इंचांवर आहे.

आता तुम्ही म्हणाल, डिजिटल फोटोला पाण्याची काय भीती, ते तर 'क्लाउड'वर असतात. येते, तिकडेही येते.

पण आधी आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट सांगते. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे आणि त्यांचा शेवटही नाशिकलाच झाला, १९४४ साली. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो शाळेच्या पुस्तकात असतो. चार रिळांचा चित्रपट. त्यातली आज शिल्लक आहेत दोन, पहिलं आणि शेवटचं. म्हणजे हरिश्चंद्राचं राज्य दिसतं आणि देव प्रसन्न झालेला दिसतो, मधला वनवास गायब! त्यातही काही अभ्यासकांचं म्हणणं असं की ही रिळं १९१३ ची नाहीतच, फाळक्यांनी पुढे १९१७ साली तो चित्रपट पुन्हा काढला त्याची आहेत. 'आलम आरा' हा १९३१ चा पहिला बोलपट, त्याची तर एकही प्रत कुठे उरलेली माहीत नाही.

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघालं. पी. के. नायर या माणसाने गावोगाव हिंडून जुनी रिळं गोळा केली. जुनी फिल्म नायट्रेटची असायची, ती नुसती उष्णतेनेही पेट घेते. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात एफटीआयआयच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि असे असंख्य डबे जळाले. ज्यांच्या सुरक्षित फिल्मवर प्रती काढून दुसरीकडे ठेवल्या होत्या, ते चित्रपट राहिले. ज्यांच्या नव्हत्या, त्यांची नावं राहिली. बॅकअप या विषयावर याहून मोठं पुस्तक लिहायची गरज नाही.

आणि ही काही गरिबाघरचीच कथा नाही. चंद्रावर माणूस उतरला, अपोलो ११, १९६९. त्याचं जे मूळ, चांगल्या प्रतीचं चित्रण टेपवर घेतलं होतं, त्या टेपा नासालाच सापडेनात. २००९ मध्ये त्यांनी सांगितलं की टेपांचा तुटवडा होता तेव्हा बहुधा त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. म्हणजे आपण जसं भाच्याच्या मुंजीच्या कॅसेटवर सिनेमा टेप करायचो तसंच! आपल्याला जगभर दिसतं ते चित्रण टीव्हीवाल्यांकडे उरलेल्या प्रतींचं. पुन्हा तेच, दुसऱ्या कुणाकडे प्रत होती म्हणून राहिलं.

असो. आता माझ्या लाख फोटोंकडे येते.

पहिलं काम होतं सगळं एका ठिकाणी आणायचं. कुठे कुठे होते? दोन जुने कॉम्प्युटर, पाच मोबाईल (त्यातले तीन बंद), नऊ मेमरी कार्डं, एक डबाभर सीडी. २००३ ते २०१० हा सीडीचा काळ. तेव्हा वाटायचं, सीडीवर 'जाळलं' की झालं, शंभर वर्षं चिंता नाही. नणंदेचं लग्न २००४ चं. फोटोग्राफरने सहा सीडी दिल्या होत्या, मखमली डब्यात. आत्ता लावल्या तर चार वाचल्या आणि दोन नुसत्या घरघरल्या. उजेडात धरून पाहिलं तर कडेने चकाकी उडालेली. घरी लिहायच्या सीडीत रंगाचा एक थर असतो, त्यावर लेझरने खुणा केलेल्या असतात. तो थर ऊन, उष्णता, दमट हवा यांनी विटतो. सिन्नरचा उन्हाळा आणि पत्र्याखालचा माळा, मग आणखी काय होणार. गंमत म्हणजे त्याच लग्नाचा कागदी अल्बम मात्र ठणठणीत आहे.

पेन ड्राइव्हचीही तीच गत. त्यात आणि मेमरी कार्डात माहिती म्हणजे सूक्ष्म विद्युतभार असतो, आणि तो वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला की हळूहळू गळतो. ने-आण करायला उत्तम, पण 'ठेवायला' नाही. फिरती हार्ड डिस्क त्यामानाने बरी, पण ती पडली की संपली, आणि न पडताही पाच-सहा वर्षांनी तिच्यावर फार विसंबू नये. लोडशेडिंगच्या काळात तर कॉपी चालू असताना मध्येच दिवे गेले की अर्धी फाईल इकडे, अर्धी कुठेच नाही. त्या काळातल्या काही फोटोंत वरचा निम्मा मांडव दिसतो आणि खालचा निम्मा नुसता करडा. वऱ्हाड कंबरेपर्यंतच जेवायला बसलंय. :-)

मग क्लाउड. म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर भाड्याने जागा, दुसरं काही नाही. आणि भाड्याच्या घराचे सगळे नियम तिथे लागू आहेत. मालक घर विकू शकतो, भाडं वाढवू शकतो, अटी बदलू शकतो. ऑर्कुट आठवतंय ना? ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. पिकासा मार्च २०१६ मध्ये मावळलं. फ्लिकरने २०१३ साली एक टेराबाइट जागा फुकट दिली आणि २०१९ मध्ये फुकट खात्यांना हजार फोटोंची मर्यादा घातली. गूगल फोटोजवर १ जून २०२१ पर्यंत थोडे आक्रसलेले फोटो कितीही ठेवता येत, त्यानंतर सगळं १५ जीबीत मोजायला लागले, आणि त्या १५ जीबीत तुमची ईमेलही आली. माझ्या हिशोबाने त्यात साधारण चार हजार फोटो बसतात. शिवाय दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर ते काढून टाकण्याचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. यात कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. फुकट धर्मशाळेत किती दिवस राहणार?

त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. फोन आणि क्लाउड हे 'एकमेकांशी जुळवून' ठेवलेले असतात. फोनमध्ये पुसलं की तिकडेही पुसलं जातं. कचरापेटीत काही दिवस राहतं, मग नाहीसं. नातवंडाच्या हातात फोन गेला आणि त्याने 'सगळे निवडा' आणि 'पुसा' केलं, तर आरशातलं चित्रही पुसलं जाणार. आरसा म्हणजे प्रत नव्हे. हे एवढं जरी लक्षात राहिलं तरी हा लेख वाचल्याचं सार्थक झालं.

मग उपाय काय? पीटर क्रोघ नावाचे एक अमेरिकन फोटोग्राफर आहेत. डिजिटल फोटो सांभाळण्याबद्दल त्यांनी २००५ साली एक पुस्तक लिहिलं. तीन-दोन-एक हा नियम त्यांच्यामुळे लोकांपर्यंत पोचला. तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. आपल्या आज्यांना हे सांगायला लागलं नसतं. बियाणं त्या कधी एका कणगीत ठेवत नसत. थोडं गाडग्यात राख घालून, थोडं शिंक्याला, आणि थोडं माहेरी.

माझी मांडणी अशी आहे. एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर (तो आता टेबलावर चढवलाय). दुसरी एका डिस्कवर, ती कपाटात, कापडात गुंडाळून. तिसरी पुण्यात, माझ्या भावाकडे. त्यासाठी आम्ही भाऊबीज धरली आहे. दोन सारख्या डिस्क आहेत. एक तो घेऊन येतो, दुसरी भरून मी तयार ठेवते. ओवाळणीच्या ताटात तो रिकामी, म्हणजे मागच्या वर्षीची ठेवतो आणि भरलेली घेऊन जातो. त्याचेही फोटो माझ्याकडे असेच येतात. वहिनी म्हणते, "साडीचा खर्च वाचला." पण मला खरंच ही ओवाळणी साडीपेक्षा आवडते. नदी सिन्नरमध्ये आली तर पुण्यात आहेत आणि मुठेला पूर आला तर सिन्नरमध्ये. भाऊबीज धरल्यामुळे विसरणंही होत नाही.

आणि त्याच दिवशी फराळानंतर आम्ही एक खेळ खेळतो. डिस्कवरचे कुठलेही वीस फोटो डोळे मिटून निवडायचे आणि उघडायचे. वीसच्या वीस उघडले तर प्रत खरी. न उघडलेली प्रत ही प्रत नसते, तो नुसता समज असतो. भाचा कॉम्प्युटरवाला आहे, त्याने एक प्रोग्रॅम लावून दिलाय जो प्रत्येक फाईलचा जणू अंगठा घेऊन ठेवतो. वर्षाने पुन्हा अंगठा घ्यायचा, जुळला नाही तर फाईल आतून बिघडली. पण वीस फोटो बघायची मजा त्यात नाही.

निवडक पाच हजार फोटो मी क्लाउडवरही ठेवले आहेत, पैसे भरून. आणि त्यातले दोनशे कागदावर छापून घेतले आहेत. हे शेवटचं माझं डोकं नाही. इंटरनेटच्या जनकांपैकी एक, विंट सर्फ, यांनीच २०१५ साली सांगितलं होतं की जे फोटो खरंच जपायचे आहेत ते छापून घ्या. उद्याचे कॉम्प्युटर आजच्या फाईली वाचतीलच असं नाही. आपला नेहमीचा जेपेग हा प्रकार १९९२ पासूनचा आहे आणि इतका पसरलेला आहे की तो इतक्यात जाणार नाही, पण कागद वाचायला काहीच लागत नाही, उजेड लागतो.

आता 'निवडक पाच हजार' हे वाचून तुम्ही हसला असाल. एक लाख बारा हजारांतून निवडायचे कसे? आधी तर ते एक लाख सत्तर हजार होते. त्यात 'शुभ सकाळ'चे गुलाब, एकाच फोटोच्या तीन-तीन प्रती आणि वर्षानुवर्षांची गॅसची बिलं होती, ती गेली. उरलेल्यांपैकी एका फोटोला एक मिनिट धरलं तरी रोज तासभर बसून पाच वर्षं लागतील. म्हणून मी हे काम दुपारी, गहू निवडायच्या वेळेला करते. खडे काढायचे नाहीत, दाणे उचलायचे. एका दिवसाच्या शंभर फोटोंतून तीन. बाकीचे डिस्कवर राहू देत, त्यांना कोण उठ म्हणतंय?

कुठले तीन? सुरुवातीला मी हसरे चेहरे उचलायची. आता मागे काय आहे ते बघते. आमच्याकडचा एक जुना फोटो आहे, बारशाचा. बाळ कुणाचं ते आता कुणाला फारसं महत्त्वाचं नाही, पण मागच्या ओसरीवर शेजारच्या तीन बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळताहेत. सिन्नर विड्यांचं गाव होतं, घराघरांतून तेंदूची पानं भिजत घातलेली असायची, संध्याकाळी कारखान्यात विड्यांच्या गड्ड्या मोजून द्यायच्या. मुद्दाम त्या बायकांचा फोटो कोण काढणार होतं? बाळाच्या मागे त्या फुकटात आल्या. तसाच एक, गोंदेश्वराच्या देवळाच्या पायरीवर सगळी भावंडं बसलेला. देऊळ आठ-नऊशे वर्षांचं, महादेव मध्ये आणि चार कोपऱ्यांना पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू यांची छोटी देवळं, ते काही हलणार नाही. पण मुलांच्या अंगावरचे कपडे बघा, एकाच ताग्यातले सगळ्यांचे सदरे आणि फ्रॉक! असे फोटो मी उचलते. गोंदेश्वराचं स्वतःचं म्हणाल तर त्याची सोय इंग्रजांच्या काळातच झाली. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझेन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरच्या ग्रंथात, १९३१ च्या, त्याचे फोटो छापून ठेवलेत. ते पुस्तक ठिकठिकाणच्या ग्रंथालयांत आहे. देवळाचा बॅकअप उत्तम आहे. विड्या वळणाऱ्या बायकांचा एकच कागद आहे, आणि तो आमच्याकडे आहे.

हे सगळं होईपर्यंत मला वाटत होतं की काम संपत आलं. तीन प्रती झाल्या, दोन गावं झाली, कागद झाला. मग जुने फोटो स्कॅन करायला घेतले आणि खरी अडचण कळली.

स्कॅनिंगचं सोपं आहे. छोटे फोटो ६०० डीपीआयला घ्यायचे, ओलं फडकं लावायचं नाही, चिकट पानांच्या अल्बममधून ओढून काढायचे नाहीत (त्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या अल्बमच्या गोंदानेच फोटो जास्त खराब केलेत), निघत नसेल तर पानासकट स्कॅन करायचं. कृष्णधवल फोटो साठ-सत्तर वर्षांनीही स्वच्छ आहेत, १९८० च्या आसपासचे रंगीत मात्र लाल-पिवळे झालेत. कॉम्प्युटर मात्र १९५८ च्या फोटोवर 'आज' ही तारीख टाकतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोचंही तसंच, तिथे तो आक्रसतोच, शिवाय कधी आणि कुठे काढला ही आतली माहितीही गळून जाते, उरते ती पुढे पाठवल्याची तारीख. त्यामुळे आमचे आजेसासरे कॉम्प्युटरच्या मते २०१९ साली पगडी घालून बसले होते. या तारखा मी हाताने बदलते.

पण नावं? साडेतीनशे फोटोंपैकी दोनशेवर फोटोंत अशी माणसं आहेत जी घरात कुणालाच माहीत नाहीत. फक्त एका व्यक्तीला माहीत आहेत. आमच्या आत्या, म्हणजे सासऱ्यांची बहीण. वय ८६. राहतात पलीकडच्याच गल्लीत.

फोटोच्या तीन प्रती आहेत आणि नावांची एकच, आणि ती एका शहाऐंशी वर्षांच्या बाईच्या डोक्यात आहे. हे लक्षात आलं त्या दिवसापासून मी कॉम्प्युटर बाजूला ठेवला आणि दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागले. रोज दहा फोटो, जास्त नाही, थकतात. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करते आणि घरी येऊन लिहून ठेवते. "ही बघ, ही आमची मावशी, हिला हरभऱ्याची भाजी अजिबात चालायची नाही, नाव घेतलं तरी उठून जायची." कुठल्या कॉम्प्युटरला हे कळणार आहे? चेहरे ओळखणारे प्रोग्रॅम आहेत, ते मला 'हा आणि हा एकच' एवढं सांगतात. हरभऱ्याच्या भाजीचं सांगत नाहीत.

एका फोटोवर मात्र आमचं अडलंय. फ्रॉकमधली एक मुलगी, आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या वर बांधलेल्या, हातात पाटी. आत्यांना एक धाकटी बहीण होती. ती अकराव्या वर्षी तापाने गेली. तिचा फोटो नाही असंच घरात सगळे धरून चालले होते. पहिल्या दिवशी हा फोटो हातात घेऊन आत्या कितीतरी वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "ही धाकटी गं." चार दिवसांनी तोच फोटो पुन्हा पुढे आला तर म्हणाल्या, "ही मीच की. पाटी माझी, कोपरा फुटलेला." आणखी आठवड्याने पुन्हा "धाकटी". आत्यांचं अलीकडे असं होतं. सकाळी एक आठवतं, दुपारी दुसरं. विचारून विचारून त्यांना त्रास द्यायचा का, हा प्रश्न मला पडला. आणि फोटोखाली लिहायचं काय हा दुसरा. आज मी 'आत्या' लिहिलं, तर ती मुलगी कायमची गेली. 'धाकटी' लिहिलं आणि ते खोटं असलं, तर आम्ही दुसऱ्याच मुलीला हार घालू.

इथे मला म्हाइंभट आठवले. यादवांचा काळ, म्हणजे देवगिरीच्या आधी ज्यांची राजधानी सिन्नरला होती त्याच यादवांचा. चक्रधरस्वामी गेल्यानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्याने जे पाहिलं, ऐकलं, त्याच्याकडे स्वतः जाऊन विचारलं. त्याचं 'लीळाचरित्र' झालं. आणि जिथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तिथे एक खरी आणि एक खोटी असं ठरवलेलं नाही, दुसरी आठवणही सांगणाऱ्याच्या नावानिशी नोंदलेली सापडते. तिला 'वासना' म्हणतात. महानुभाव परंपरा सांगते की पुढे परचक्रात मूळ पोथी हरवली आणि हिराइसांना ती पाठ होती, त्यावरून पुन्हा लिहून काढली. वेगवेगळ्या शिष्यांकडून वेगवेगळे पाठ आले, म्हणून आज आपल्याकडे मराठीतला तो आद्य गद्यग्रंथ आहे. तुकोबांची गाथा लोकांच्या ओठांवर होती म्हणून इंद्रायणीला बुडवता आली नाही, असं आपण लहानपणापासून ऐकतो, तेही हेच.

तेव्हा मी त्या फोटोखाली तीनही दिवसांच्या तारखा घालून आत्यांची तीनही वाक्यं जशीच्या तशी लिहिली आहेत. आणि तिन्ही वेळचा आवाज त्याच फोल्डरमध्ये ठेवलाय. पुढे कुणाकडे दुसरा एखादा फोटो सापडला, पाटीचा कोपरा दिसला, तर ठरवतील. नाही ठरलं तरी दोघी एका फोटोत राहतील.

आणखी एक, जे बोलायला नको वाटतं पण बोलायला हवं. हे सगळं माझ्या पासवर्डमागे आहे. मी नसले तर? गूगलमध्ये अशी सोय आहे की ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला कळतं आणि ते फोटो उतरवून घेता येतात. ॲपलनेही २०२१ च्या अखेरीपासून वारस नेमायची सोय दिली आहे. मी मुलीचं नाव घातलंय. शिवाय एका वहीत, साध्या मराठीत, कुठली डिस्क कुठे आहे हे लिहून ती वही घरपट्टीच्या पावत्यांबरोबर ठेवली आहे. घरपट्टीच्या पावत्या आमच्या घरात कुणी टाकत नाही.

नातेवाईक मंडळींना एवढंच सांगणं आहे. तुमच्याकडचे जुने फोटो मला नकोत, ते तुमच्याकडेच राहू देत, म्हणजे दुसऱ्या गावची प्रत झाली. फक्त प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, नाव लिहा. बॉलपेनने नको, पुढे उमटतं. नाव नक्की नसेल तर कुणी सांगितलं ते लिहा. आणि मोबाईलने पुढून-मागून दोन फोटो काढून ईमेलने पाठवा, व्हॉट्सॲपने नको. विशेषतः १९४८ ते १९५२ च्या दरम्यान कुणाकडे सिन्नरच्या घरातला मुलींचा फोटो असेल, दोन वेण्या, हातात पाटी, तर आधी तो पाठवा.

तोवर माझं चाललं आहे. काल दहा फोटो झाले. त्यात सत्तावीस माणसं होती, एकोणीस जणांची नावं मिळाली. आज आत्यांना बरं नाही, म्हणून गेले नाही. उद्या जाईन.